खजुरी बाजारातलं जुन्या पुस्तकांचं दुकान : दहावीच्या पुस्तकातून गेलेला पाठ मला इथे मिळाला

दुकानाचं नाव मुद्दाम देत नाही. मालकांनीच हात जोडून सांगितलं, "मैडमजी, तारीफ लिखो, पर नाम मत डालो. जिसको सच में चाहिए, वो ढूँढ़ लेगा." इंदूरच्या राजवाड्याहून पायी पाच मिनिटांत खजुरी बाजार येतो. तिथे पुस्तकांची दुकानं एकाला एक लागून आहेत. ज्या दुकानाच्या पुढच्या फळीवर नवी गाइडं नाहीत, सुतळीने बांधलेले जुन्या पुस्तकांचे गठ्ठे आहेत आणि आतून एक लाकडी शिडी माळ्यावर जाते, ते हे दुकान. गेली तीन वर्षं मी तिथे जाते आहे. आजवर सत्तावीस पुस्तकं घेतली. त्यातली चोवीस म्हणजे एकाच पुस्तकाच्या प्रती आहेत: एनसीईआरटीचं दहावीचं विज्ञान, 2022 च्या आधीची छपाई.

असं का, ते सांगते.

मी इंदूरला एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. होळकर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकले आणि लगेच शाळेत लागले. 2023 साली नात दहावीत गेली, नवी पुस्तकं घरी आली, आणि मी एका पाठाची वाट बघू लागले. जुन्या पुस्तकातला तो नववा पाठ, आनुवंशिकता आणि उत्क्रांती. माझा सगळ्यात आवडता. नव्या पुस्तकात तो आठवा होता आणि नाव नुसतं 'आनुवंशिकता'. पिढ्यांगणिक वैविध्य कसं साठत जातं ते थोडं, मेंडेलचे वाटाणे, मुलगा की मुलगी हे कसं ठरतं ते, आणि पाठ संपला. मला वाटलं, बाइंडिंगमध्ये एक फर्मा गळला. पानांचे आकडे तपासले, ते सलग होते. अनुक्रमणिका काढली, तर सोळा पाठांचे तेरा झालेले. आवर्त सारणीचा पाठ नाही, ऊर्जेच्या स्रोतांचा नाही, नैसर्गिक संसाधनांचा नाही. आणि माझ्या पाठाचं अर्धंअधिक अंग कापलेलं. डार्विनविषयीचा चौकटीतला मजकूर नाही, जीवाश्म नाहीत, माणूस कुठून आला ते नाही.

नातीने क्लासमध्ये विचारलं. सरांनी सांगितलं, कोर्समध्ये नाही ते विचारून वेळ घालवू नकोस. ती घरी येऊन म्हणाली, "आजी, मग ते खोटं ठरलं का?" त्या प्रश्नाने मला रात्रभर झोप लागली नाही. पंधरा वर्षांच्या मुलीने अगदी बरोबर तर्क लावला होता. पुस्तकातून एखादी गोष्ट काढली, तर मूल हेच समजणार की ती चूक असावी.

माझी स्वतःची प्रत निवृत्तीच्या वेळी शाळेतच राहिली होती. म्हणून दुसऱ्या दिवशी खजुरी बाजार.

तीन दुकानांत नकार मिळाला. कारण सरळ आहे. छपाई बदलली की जुनं पुस्तक परीक्षेच्या कामाचं राहत नाही, मग ते किलोच्या भावाने रद्दीत जातं. दुकानदार तरी जागा कशाला अडवून ठेवील? चौथ्या दुकानात मी विचारलं तेव्हा मालक क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "वो बंदर वाला चैप्टर?" मग स्वतः शिडी चढले, माळ्यावरून एक गठ्ठा ओढून खाली आणला, फुंकर मारून धूळ उडवली आणि पहिलं पान उलटून मागच्या बाजूला बोट ठेवलं. एनसीईआरटीच्या पुस्तकात तिथे पुनर्मुद्रणाच्या तारखा असतात, इंग्रजी महिन्याच्या जोडीला शकाचा महिनाही छापलेला असतो. ते ती ओळ वाचत जातात आणि पुस्तक कधीचं ते सांगतात. मुखपृष्ठ सारखंच दिसतं, त्यावर विसंबू नका, असं त्यांनी मला त्याच दिवशी शिकवलं. हा माणूस आठवीपर्यंत शिकलेला आहे. पण कुठल्या वर्षीच्या पुस्तकात काय होतं आणि काय गेलं हे त्यांच्याइतकं नेमकं सांगणारा मला शिक्षण खात्याच्या शिबिरातही कुणी भेटला नाही.

भाव : इंग्रजी माध्यमाची प्रत साठ रुपये, हिंदी माध्यमाची पन्नास. मी घासाघीस करत नाही. एकदम सहा घेतल्या तेव्हा त्यांनीच चाळीस रुपये कमी केले. पानं शाबूत आहेत का हे ते स्वतः बघून देतात, आणि माझ्यासाठी नवव्या पाठाची पानं वेगळी मोजतात. पेन्सिलच्या खुणा असतात. एका प्रतीत कुणा मुलाने प्रत्येक चित्राला मिशा काढल्या आहेत. वाचायला अडचण येत नाही.

आता त्या पाठाविषयी, कारण दुकानाची खरी किंमत त्यावरून कळते.

पाठात एक गोष्ट होती. हिरव्या झुडपांत लाल भुंगेरे राहतात. कावळे त्यांना टिपून खातात. एकदा एक भुंगेरा हिरवा निपजतो. तो पानांत दिसत नाही, वाचतो, त्याची पिल्लं हिरवी होतात, हळूहळू हिरवे वाढत जातात. मग दुसरी गोष्ट : या वेळी एक भुंगेरा निळा निपजतो. निळेपणाचा त्याला काही फायदा नाही, कावळ्याला लाल आणि निळा दोन्ही सारखेच दिसतात. पण एक हत्ती येतो आणि झुडपं तुडवून जातो. योगायोगाने वाचतात ते बहुतेक निळे. पुढची सगळी प्रजा निळी. तिसरी गोष्ट : झुडपांवर रोग पडतो, पानं कमी होतात, भुंगेरे रोडावतात. रोग गेला की वजन परत येतं, कारण उपाशी राहिल्याने आलेला बारीकपणा पुढच्या पिढीत उतरत नाही. बस. तीन गोष्टी, तीन परिच्छेद, आणि नैसर्गिक निवड, निव्वळ योगायोगाने होणारा बदल आणि कमावलेल्या गुणांचा प्रश्न, हे तिन्ही मुलांच्या डोक्यात पक्के बसायचे. हे ज्यांनी लिहिलं त्यांना मी मनोमन नमस्कार करत आले आहे. एकतीस वर्षांत माझ्या हाती बरीच पुस्तकं आली, इतकी स्वच्छ मांडणी क्वचितच पाहिली.

त्याच पाठात कोबीचं उदाहरण होतं. रानकोबी एक, पण माणसाने दोन हजार वर्षांहून अधिक काळ निवडत निवडत त्यातून पानकोबी काढला, फ्लॉवर काढला, ब्रोकोली काढली, आणि देठ फुगलेला नवलकोल काढला. रविवारी सकाळी आमच्या रामबागेतल्या ओसरीवर मुलं जमतात तेव्हा मी हे चारही जिन्नस परातीत मांडून ठेवते. पाच मुलांपासून सुरू झालं, आता अकरा येतात. मराठी घरांतली मुलं नवलकोल म्हणतात, शेजारचा मालवी मुलगा गांठगोभी म्हणतो, आणि हे सगळे एका आईची लेकरं आहेत हे कळलं की त्यांचे डोळे बघण्यासारखे होतात. नंतर त्याच फ्लॉवरची भजी होतात. मुलं भज्यांसाठी येतात असं त्यांच्या आया म्हणतात. येऊ देत.

जीवाश्मांच्या चित्रांत राजासॉरसची कवटी होती. राजासॉरस नर्मदेन्सिस. गुजरातेत बालासिनोरजवळच्या रैयोलीला त्याची हाडं सापडली आणि 2003 मध्ये त्याला नाव मिळालं. इंदूरच्या नळाला नर्मदेचंच पाणी येतं. मुलांना मी सांगते, तुमच्या पेल्यातल्या नदीचं नाव एका डायनासोरला आहे. आणि दूर कशाला जायचं, आपल्या शेजारच्या धार जिल्ह्यात डायनासोरांची 92 घरटी आणि 256 अंडी मोजली गेली, तो शोधनिबंध जानेवारी 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. नर्मदेकाठच्या हथनोऱ्याला भूशास्त्र सर्वेक्षणाच्या अरुण सोनकियांना प्राचीन माणसाची कवटी मिळाली ती 5 डिसेंबर 1982 ला. ज्या राज्याच्या मातीत अशी अंडी आणि अशी कवटी निघाली, त्या राज्यातल्या मुलांनी दहावी पास होऊन बाहेर पडावं आणि त्यांना जीवाश्मावर एक ओळ वाचायला मिळू नये, याचं मला फार वाईट वाटतं.

अधिकृत कारण सगळ्यांना माहीत आहे. करोनात शाळा बंद होत्या, मुलांवरचा भार कमी करायचा होता, म्हणून 2022 मध्ये भाग गाळले. पण शाळा सुरू झाल्या आणि 2023-24 च्या छापील पुस्तकातही तो भाग परत आला नाही. एप्रिल 2023 मध्ये ब्रेकथ्रू सायन्स सोसायटीच्या पुढाकाराने 1,800 हून अधिक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी खुलं पत्र लिहिलं, की हा भाग परत आणा. उत्तर मिळालं की बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती आहेच. आहे, हे खरं. मी ती शिकवलेली आहे. पण बारावीला जीवशास्त्र घेतं कोण? ज्याला डॉक्टर व्हायचं आहे तो. दहावी हे शेवटचं वर्ष, जिथे पुढे कॉमर्स घेणारा, पॉलिटेक्निकला जाणारा, वडिलांच्या कपड्यांच्या दुकानात बसणारा, असे सगळे एकाच बाकावर विज्ञान शिकतात. माझे किती विद्यार्थी आज नगरसेवकांच्या कचेरीत आहेत, औषधांच्या दुकानात आहेत, शेती करताहेत. डॉक्टरांनी दिलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या बरं वाटलं म्हणून मध्येच का सोडू नयेत, फवारणी करकरूनही कीड का मरेनाशी होते, हे कळायला भुंगेऱ्यांची गोष्ट लागते. ती सगळ्यांना लागते.

त्याआधीची एक गोष्टही मी विसरलेले नाही. जानेवारी 2018 मध्ये, तेव्हाच्या औरंगाबादेत, केंद्रात मनुष्यबळ विकास खात्याचे राज्यमंत्री असलेले सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कुणी पाहिल्याचं लिहिलेलं नाही, आणि शाळा-कॉलेजांच्या अभ्यासक्रमात बदल व्हायला हवा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून त्यांचं म्हणणं खोडून काढलं. अभ्यासक्रमातून उत्क्रांती काढणं किंवा पातळ करणं म्हणजे मागे जाणं होईल, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं. सिंह यांचे वरिष्ठ मंत्री प्रकाश जावडेकर यांनीही त्यांना अशी विधानं टाळायला सांगितलं. मी तेव्हा नोकरीत होते. ते निवेदन छापून शिक्षकांच्या खोलीत फळ्याशेजारी लावलं. कारण मंत्र्यांचा तोच प्रश्न माझ्या वर्गात दर वर्षी यायचा : आजचं माकड माणूस का होत नाही? प्रश्न मुलाने विचारला तर छानच आहे. त्याचं उत्तर पाठात होतं.

उत्तर मी आमच्या पद्धतीने देते. आमच्या घरी कुलवृत्तांत आहे, जाडजूड, लाल कापडी बांधणीचा. होळकरांच्या पदरी चाकरीला आलेली शाखा इंदूरची, मागे राहिलेली कोकणातली. मी मुलांना विचारते, कोकणातले काका माझे आजोबा आहेत का? नाहीत. ते आणि मी एका आजोबांची लेकरं. तसं चिंपँझीचं आणि आपलं. तो आपला पूर्वज नव्हे, चुलत भाऊबंद आहे. दोघांचा मूळ पुरुष काही दशलक्ष वर्षांपूर्वीचा. काका इंदूरला आले नाहीत म्हणून त्यांचं काही अडलं का? मग माकडाचं तरी काय अडलंय? आणि शाखा वेगळ्या झाल्या की काय होतं हे तर आमच्या बोलण्यातच ऐकू येतं. मी 'जाऊन राहिले' म्हणते आणि पुण्याची भाची हसते. अडीचशे वर्षांत मराठीत एवढा फरक पडला. दोन्ही कुटुंबांची बोलणी अजून एकमेकांना कळतात. पण हजारो पिढ्या जाऊ द्या, मध्ये डोंगर-नदी येऊ द्या, मग बघा. नवी प्रजाती कशी होते हे मुलांना इथे पटकन समजतं.

एकदा एका मुलीचे वडील ओसरीवर आले. भले गृहस्थ, रोज पहाटे खजराना गणपतीला जाणारे. म्हणाले, "ताई, आमच्या दशावतारात हे सगळं आहेच की. आधी मत्स्य, मग कूर्म, मग वराह, मग नरसिंह. डार्विनची गरज काय?" मी त्यांना बसवलं, चहा केला. माझ्याही देवघरात रोज दिवा लागतो, हे त्यांना दिसत होतं. मी म्हटलं, भाऊ, अवतार आपली श्रद्धा आहे, तिला मी हात लावत नाही. पण अवतारांत प्रत्येक पुढचा मागच्यापेक्षा वरचा, अशी पायरी-पायरी आपण मांडतो. या पुस्तकात नेमकं उलटं सांगितलंय. पुस्तक उघडून त्यांना पाठाचा शेवटचा भाग वाचायला दिला : उत्क्रांती म्हणजे प्रगती नव्हे, माणूस हा शिखरावर बसलेला प्राणी नव्हे, साधेसुधे जिवाणू आजही उकळत्या झऱ्यांत मजेत जगताहेत. आणि त्यापुढे, की पृथ्वीवरची सगळी माणसं एकाच प्रजातीची, कातडीच्या रंगावरून वंश पाडायला जीवशास्त्रात आधार नाही. त्यांनी तो भाग दोनदा वाचला. म्हणाले, "ये तो अच्छी बात लिखी है. ये क्यों निकाला?" माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं. मुलगी अजून येते. आता तिचा धाकटा भाऊही येतो.

याच दुकानाने मला एक सवय लावली : दोन छपाया शेजारी ठेवून बघायची. पुस्तकातून काय गेलं हे नव्या पुस्तकाकडे बघून कधीच कळत नाही, जुनं शेजारी लागतं. त्या सवयीने मी अमेरिकेतल्या खटल्यांविषयी वाचायला लागले, आणि तिथेही पुन्हा पुन्हा हेच सापडत गेलं.

टेनेसी राज्यातल्या डेटन गावी 1925 मध्ये जॉन स्कोप्स या चोवीस वर्षांच्या शिक्षकावर उत्क्रांती शिकवल्याचा खटला भरला. शंभर डॉलर दंड झाला. गंमत नव्हे, दुःख असं, की ज्या पुस्तकातून शिकवल्याचा आरोप होता ते राज्यानेच नेमलेलं पाठ्यपुस्तक होतं. दंड 1927 मध्ये तांत्रिक कारणावरून रद्द झाला, कायदा मात्र 1967 पर्यंत तसाच राहिला. आणि त्या पाठ्यपुस्तकाची पुढची आवृत्ती 1926 मध्ये निघाली तेव्हा त्यातून उत्क्रांती हा शब्दच काढून टाकलेला होता. प्रकाशकाला पुस्तक विकायचं होतं. भांडण नको म्हणून गप्प बसणारं पुस्तक मुलांच्या हाती गेलं. हे वाचलं तेव्हा मला नातीच्या अनुक्रमणिकेतला तो आठवा पाठ दिसला.

जॉर्जियातल्या कॉब कौंटीत 2002 मध्ये विज्ञानाच्या पुस्तकांवर स्टिकर लावले, की उत्क्रांती हा सिद्धांत आहे, तथ्य नव्हे. पालक न्यायालयात गेले आणि 2005 मध्ये ते स्टिकर एकेक करून खरवडावे लागले.

पण माझ्या मनात घर केलं ते पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हरच्या खटल्याने. तिथल्या शाळा मंडळाने 2004 मध्ये ठरवलं, की उत्क्रांती शिकवण्याआधी शिक्षकांनी वर्गात एक निवेदन वाचून दाखवायचं : डार्विनच्या सिद्धांतात उणिवा आहेत, 'बुद्धिमान रचना' (सजीव कुणा बुद्धिमान कर्त्याने घडवले) नावाचं दुसरं स्पष्टीकरण आहे, त्यावरचं पुस्तक ग्रंथालयात ठेवलं आहे. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते वाचायला नकार दिला. नोकरी करणाऱ्या माणसाला त्या नकाराची किंमत कळते. शेवटी अधिकाऱ्यांनी वर्गात जाऊन ते वाचलं. अकरा पालक न्यायालयात गेले. खटल्यात त्या ग्रंथालयातल्या पुस्तकाचे जुने मसुदे मागवले गेले आणि शेजारी शेजारी ठेवले. 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सृष्टिनिर्मितीची धार्मिक मांडणी विज्ञान म्हणून शिकवण्याचा लुइझियानाचा कायदा रद्द केला होता. त्याच सुमाराला मसुद्यांत 'क्रिएशनिस्ट्स' (सृष्टिनिर्मितीवादी) हा शब्द काढून जागोजागी 'डिझाइन प्रोपोनंट्स' (रचनेचे पुरस्कर्ते) घातला गेला. एके ठिकाणी तो बदल अर्धवट राहिला : जुन्या शब्दाचं पहिलं अक्षर पुढे आणि शेवटची अक्षरं मागे, मध्ये नवा शब्द. वेष बदललेल्या माणसाची जुनी चप्पल तशीच पायात राहावी, तसं. न्यायाधीश जॉन जोन्स यांनी 20 डिसेंबर 2005 ला 139 पानांचा निकाल दिला, की ही विज्ञानाची शिकवण नव्हे, धर्माची आहे, आणि सरकारी शाळेत ती चालणार नाही.

मी हे मालकांना सांगितलं. गल्ल्यामागे बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मतलब पुरानी कॉपी ने केस जिताया?" केवळ तिनेच नाही, पण तिचा मोठा वाटा होता, असं मी म्हटलं. त्या दिवसापासून त्यांनी दहावी विज्ञानाच्या जुन्या प्रती रद्दीत द्यायच्या बंद केल्या. माझ्यासाठी एक गठ्ठा वेगळा ठेवतात, वर खडूने 'मैडम' लिहिलेलं असतं.

दुकानात खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. धूळ प्रचंड. दमा असेल तर बाहेरच थांबा, पोऱ्या पुस्तकं आणून दाखवतो. बिल मिळत नाही, मागितलं तर चिठ्ठीवर आकडा लिहून देतात. घेतलेलं पुस्तक परत घेत नाहीत. जूनच्या शेवटापासून जुलैभर पाय ठेवायला जागा नसते, त्या दिवसांत मालकांशी बोलायची अपेक्षा ठेवू नका. मागच्या पावसाळ्यात माळ्यावर गळती झाली आणि हिंदी माध्यमाच्या नऊ प्रती भिजून फुगल्या. ताडपत्री वेळेत घातली असती तर वाचल्या असत्या, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आणि इथेही लिहिते. हिंदीच्या प्रती आधीच दुर्मीळ आहेत. ज्या घरांत इंटरनेटवरून जुना पाठ शोधून वाचणं होत नाही, त्याच घरांतल्या मुलांची ही पुस्तकं. त्याचा एक तारा कमी करते. पाचपैकी चार.

गाडी घेऊन जाऊ नका, राजवाड्याजवळ लावायला जागा मिळत नाही. सकाळी अकरानंतर जा, तोवर शटर अर्धंच असतं. नुसतं "दहावी विज्ञान" मागितलंत तर नवं पुस्तक हातात पडेल. "नौवाँ चैप्टर वाला" असं म्हणा आणि पहिल्या पानामागची तारीख स्वतः वाचून घ्या. हिंदी प्रतीत जैव विकास, म्हणजे उत्क्रांती, हा शब्द अनुक्रमणिकेत आहे ना, तेही बघा. मी गेल्या मंगळवारी गेले तेव्हा इंग्रजीच्या सात आणि हिंदीच्या चार प्रती उरल्या होत्या. हिंदीच्या चारही मी उचलल्या आहेत. तुमच्या घरात किंवा कामवालीच्या घरात दहावीचं मूल असेल, तर रविवारी सकाळी नऊला ओसरीवर पाठवा. पुस्तक तिथे बसून वाचता येईल, आणि परातीत नवलकोल असेल.